वकिलांचे दफ्तर टॅब्लेटमध्ये, व्यापाऱ्याची वही कोठे?

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात काही वर्षांपूर्वीपर्यंत एक दृश्य हमखास दिसत असे. पुढे काळ्या कोटातील वकीलसाहेब, त्यांच्यामागे तांबड्या कापडात बांधलेली दफ्तरे काखोटीला मारून चालणारा कारकून आणि त्याच्याही मागे, हातात पिशवी व चेहऱ्यावर काळजी घेऊन चालणारा पक्षकार. त्या पिशवीत खातेवह्या, बिलांच्या स्थळप्रती, मालवाहतुकीच्या बिल्ट्या आणि परत आलेला एखादा धनादेश असे. आज अनेक वकिलांच्या हातात केवळ शाळकरी पाटीएवढा टॅब्लेट असतो. दहा दफ्तरांचे कागद त्यात सहज मावतात. व्हरांड्यात पक्षकार मात्र अजूनही मागेच चालतो आणि त्याची काळजीही पूर्वीइतकीच असते.

किंबहुना ती थोडी वाढावयास हवी. वकिलांनी नवे साधन स्वीकारले, न्यायालयांनीही स्वीकारले. परंतु त्या साधनात जो मजकूर भरावयाचा, तो व्यापाऱ्याच्या दुकानातूनच यावा लागतो. तेथील नोंदी मोबाइलवर विस्कळीत पडलेल्या असतील, तर उत्तमात उत्तम टॅब्लेटही दावा जिंकून देऊ शकत नाही. या बदलाचा अर्थ व्यापारी कुटुंबांनी समजून घेणे आवश्यक आहे, तो याच कारणासाठी.

दफ्तर कसे बदलले

पहिला आयपॅड 2010 साली बाजारात आला, तेव्हा ती चैनीची वस्तू मानली गेली. वकिली व्यवसायाने तिचा उपयोग हळूहळू ओळखला. दाव्याचे सर्व कागद स्कॅन करून त्यांची एकच पीडीएफ फाइल केली जाते. वादपत्र, कैफियत, शपथपत्रे आणि निशाण्या यांना खुणा घातल्या जातात, म्हणजे न्यायाधीशांनी पान विचारताच ते क्षणात उघडते. स्कॅन केलेल्या छापील मजकुरातील अक्षरे संगणकाला वाचता येतील अशी प्रक्रिया केली, तर पाचशे पानांत एका चलनाचा क्रमांक कोठे कोठे आला आहे हेही शोधता येते. उलटतपासणीच्या वेळी साक्षीदाराच्या शपथपत्रावर विशिष्ट पेनाने टिपणे करता येतात आणि मूळ प्रतीवर डाग पडत नाही.

कायद्याच्या ग्रंथांचेही तसेच झाले. नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ 1914 पासून वकिलांच्या कपाटांची शोभा आणि आधार होता. आता त्या निवाड्यांचा शोध बोटाच्या टोकावर घेता येतो. तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या तरुणाला पूर्वी मोठ्या ग्रंथालयासाठी जिल्ह्याच्या किंवा उच्च न्यायालयाच्या गावी जावे लागे. ती अडचण बरीच कमी झाली आहे.

यामागे सरकारी पातळीवरील दीर्घ प्रयत्न आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पाचा पहिला टप्पा 2007 मध्ये व दुसरा 2015 मध्ये सुरू झाला. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्यासाठी 7,210 कोटी रुपये मंजूर केले. याच प्रकल्पामुळे जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल अॅपमध्ये भरला की पुढील तारीख, मागील तारखांना झालेले कामकाज आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. म्हणजे “साहेब, आपल्या केसचे काय झाले?” हा प्रश्न विचारण्यासाठी दुकान बंद करून जाण्याची गरज उरलेली नाही. प्रत्येक पक्षकाराने आपल्या वकिलांकडून हा क्रमांक मागून घ्यावा आणि बँक खात्याच्या क्रमांकासारखा जपून ठेवावा.

2020 च्या महामारीने या वाटचालीला धक्का देऊन पुढे ढकलले. 6 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणी घेण्याबाबत निर्देश दिले आणि एरवी ज्या बदलास वर्षे लागली असती, तो काही महिन्यांत घडून आला. पुढे 27 सप्टेंबर 2022 पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठाच्या सुनावण्या थेट प्रक्षेपित होऊ लागल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत तर वकिलांचे तोंडी युक्तिवाद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्याच वेळी अक्षरबद्ध होऊ लागले.

जालन्याच्या खटल्याचा धडा

साधने बदलली म्हणून पुराव्याची शिस्त सैल झाली, असे कोणास वाटत असेल तर त्याने जालन्याच्या निवडणुकीचा खटला आठवावा. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील निकाल अवघ्या 296 मतांनी लागला. विजयी उमेदवाराने आपला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल केला, असा आक्षेप घेण्यात आला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रीकरण झालेले होते. वरकरणी पाहता प्रश्न सोपा होता: चित्रफीत पाहावी आणि घड्याळ पाहावे.

परंतु न्यायालयासमोर आली ती चित्रीकरणाची प्रत, मूळ कॅमेरा नव्हे. अशा प्रतीसोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालील प्रमाणपत्र लागते आणि संबंधित अधिकाऱ्यांनी ते वारंवार मागूनही दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरविली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 14 जुलै 2020 रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात निर्णय दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करावयाची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. या खटल्यात तक्रारदारांनी प्रमाणपत्रासाठी शक्य ते सर्व प्रयत्न केले होते आणि इतर पुरावाही उपलब्ध होता, म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

याच निकालात एक महत्त्वाचा खुलासा आहे. ज्या लॅपटॉपवर, टॅब्लेटवर किंवा मोबाइलवर माहिती प्रथम साठविली गेली, ते मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सादर केले व ते आपल्या मालकीचे अथवा वापरातील असल्याचे सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. ज्या मोबाइलवर ऑर्डर आली तो मोबाइल विकून टाकणे हे म्हणूनच मूळ वहीची पाने फाडून टाकण्यासारखे ठरू शकते.

वही, उतारा आणि प्रमाणपत्र

1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 ने घेतली. 65-ब ची तरतूद आता काही बदलांसह कलम 63 मध्ये आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्या पक्षाने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. उपकरणाची बनावट, मॉडेल, अनुक्रमांक यांसारखा तपशील त्यात द्यावा लागतो आणि फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ही नोंदवावी लागते.

हॅश व्हॅल्यू म्हणजे काय? पूर्वी महत्त्वाच्या पाकिटावर लाखेची मोहोर करीत. मोहोर अखंड असली की आतील कागदाला कोणी हात लावलेला नाही, हे समजे. हॅश ही संगणकीय फाइलची मोहोर होय. ठरावीक गणिती रीतीने फाइलमधून अक्षर-अंकांची एक मालिका काढली जाते. फाइलमधील एखादा स्वल्पविराम बदलला तरी ही मालिका बदलते आणि फेरफार उघड होतो.

बँकांच्या बाबतीत हा विचार नवा नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट 1891 सालचा आहे. प्रत्येक खटल्यासाठी बँकेची मूळ वही न्यायालयात नेली तर बँकेचे काम कसे चालणार, या व्यावहारिक अडचणीतून प्रमाणित उताऱ्याची सोय झाली. वह्या संगणकावर गेल्यावर संगणकीय छापील उताऱ्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राची तरतूदही त्यात आली. म्हणून दाव्यासाठी खाते-उतारा लागेल तेव्हा मोबाइल अॅपवरून काढलेल्या प्रतीवर न थांबता, बँकेकडे कायद्यानुसार प्रमाणित उतारा लेखी अर्ज करून मागावा.

व्यापाऱ्याच्या स्वतःच्या वह्यांविषयीही कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी, मग त्या कागदावर असोत वा संगणकावर, पुरावा म्हणून संबद्ध असतात. परंतु केवळ त्या नोंदींच्या आधारे दुसऱ्यावर देणे लादता येत नाही. जुन्या कायद्याचे कलम 34 आणि नव्याचे कलम 28 हेच सांगते. खात्यावर आठ लाख येणे दिसते, एवढ्याने भागत नाही. माल गेला आणि तो पोहोचला, हे दाखविणारे चलन, ई-वे बिल, बिल्टी व पोच जोडावी लागते.

समजा, धान्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने परगावच्या दुकानदाराला आठ लाखांचा माल उधारीवर दिला. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर आली, तीही पेढीच्या नव्हे तर विक्री पाहणाऱ्या नोकराच्या खासगी मोबाइलवर. “माल मिळाला, पुढच्या महिन्यात पैसे पाठवतो” हा संदेशही तेथेच आला. दीड वर्षाने नोकर काम सोडून गेला आणि मोबाइल बदलून बसला. व्यापाऱ्याकडे उरले काय? संदेशाचे दोन स्क्रीनशॉट आणि संगणकातील खाते. वकील ते स्क्रीनशॉट टॅब्लेटवर सुबकपणे मांडतील. परंतु मूळ मोबाइल नाही आणि प्रमाणपत्रावर सही करावयास संबंधित माणूस तयार नाही. समोरचे वकील पहिल्याच तारखेला आक्षेप घेतील. यात दोष तंत्रज्ञानाचा नाही. पेढीची वही पेढीतच राहिली पाहिजे, हा आजोबांच्या काळचा नियम येथे मोडला गेला.

नोटीस, धनादेश आणि निळ्या खुणा

नोटीस बजावण्याच्या पद्धतीतही बदल झाला आहे. जून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सअॅपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. संदेश पोहोचला होता आणि सोबतची फाइल उघडली गेल्याचेही दिसत होते. 10 जुलै 2020 रोजी महामारीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल व व्हॉट्सअॅपद्वारे समन्स-नोटीस बजावण्यास मुभा दिली. तथापि हा सरसकट परवाना नव्हे. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले की, आरोपीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअॅपवरून बजावणे कायद्याला धरून नाही. कोणत्या कामासाठी कोणता मार्ग चालतो, हे वकिलांनाच विचारावे.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणात तर दिवस मोजावे लागतात. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 नुसार, धनादेश परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी-नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत समोरच्याने पैसे न दिल्यास, त्यानंतर एक महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीस झालेला उशीर सबळ कारणाने न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या 30 दिवसांना तशी सवलत नाही. वकिलांच्या टॅब्लेटवर मुदतींचे स्मरण देणारी दिनदर्शिका असते खरी, पण धनादेश परतल्याचा मेमो दुकानाच्या खणात वीस दिवस पडून राहिला, तर ती दिनदर्शिका सुरूच होत नाही.

केरळमधील कोल्लम येथे नोव्हेंबर 2024 पासून एक वेगळे न्यायालय काम करू लागले आहे. तेथे धनादेशाच्या तक्रारी कागदाविना, ऑनलाइन, दिवसाच्या कोणत्याही वेळी दाखल करता येतात. धनादेशांच्या प्रलंबित खटल्यांनी वाकलेल्या न्यायव्यवस्थेत हा प्रयोग व्यापारी वर्गाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे.

उधारीच्या वसुलीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची आहे. दर महिन्याला पाठविलेले तगाद्याचे संदेश आणि त्यांवर उमटलेल्या निळ्या खुणा ही मुदत वाढवीत नाहीत. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याची सही असलेली लेखी कबुली घेणे, हा सुरक्षित मार्ग आजही तोच आहे.

यंत्राने रचलेले निवाडे

नव्या साधनांपैकी सर्वांत आकर्षक आणि सर्वांत धोक्याचे साधन म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. लांबलचक कागदपत्रांचा सारांश काढणे, तारखांचा क्रम लावणे, मसुद्याचे भाषांतर करणे ही कामे ती झटपट करते. परंतु प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसले तरी ती आत्मविश्वासाने उत्तर रचते. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात हे जगासमोर आले. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सादर केलेले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते; चॅटजीपीटीने ते रचले होते. न्यायाधीशांनी 5,000 डॉलरचा दंड ठोठावला.

हे दूरदेशीचे उदाहरण म्हणून सोडून देता येणार नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आयकर आकारणीचा एक आदेश आला. त्यात आधार म्हणून घेतलेले न्यायनिर्णय मुळात कोठेच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि यंत्राने दिलेल्या माहितीवर पडताळणीशिवाय विसंबून राहता येणार नाही, असे बजावले. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्येच जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून, न्यायनिर्णय करण्यासाठी अशा साधनांचा वापर करू नये असे ठरविले.

घरातील तरुण पिढी अनेकदा वकिलांकडे जाण्याआधी मोबाइललाच कायदेशीर सल्ला विचारते. प्राथमिक माहितीसाठी त्यात गैर काही नाही. मात्र त्या उत्तराच्या भरवशावर नोटिशीला परस्पर जबाब पाठविणे घातक ठरेल. मुनिमाने मांडलेली बेरीज शेठजी स्वतः पुन्हा तपासत. यंत्राने मांडलेल्या कायद्याची बेरीजही कोणीतरी जाणत्याने तपासलीच पाहिजे.

विश्वासाची गोष्ट

वकील आणि पक्षकार यांच्यातील गोपनीयतेला कायद्याचे संरक्षण आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये ते नमूद आहे. पूर्वी ही गोपनीयता कुलूपबंद कपाटात असे. आता ती टॅब्लेटमध्ये आहे आणि त्याच टॅब्लेटमध्ये इतर अनेक पक्षकारांचे कागदही आहेत. तपास यंत्रणेने वकिलांचे उपकरण मागितले तर? 31 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर मार्गदर्शन केले. असे उपकरण सादर करावयाचे झाल्यास ते न्यायालयासमोरच सादर व्हावे, पक्षकार व वकील यांच्या उपस्थितीत उघडले जावे आणि इतर पक्षकारांच्या गोपनीयतेस बाधा येऊ नये, असा त्याचा आशय आहे.

परंतु गोपनीयता घरातूनही फुटते. दाव्याचे कागद वकिलांना पाठविताना ते चुकून नातेवाइकांच्या किंवा व्यापारी मंडळाच्या ग्रुपवर जातात. दुकानाच्या संगणकाचा पासवर्ड सर्वांनाच ठाऊक असतो. सायबर कॅफेत स्कॅन केलेले कागद तेथील संगणकातच राहतात. वकिलांचा टॅब्लेट कितीही सुरक्षित असला, तरी अशा सैल हातांपुढे त्याचा उपयोग होत नाही.

दुकानातून काय व्हावे

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ थोडक्यात असा सांगता येईल. ऑर्डर, दर आणि पोच यांचे संदेश पेढीच्या नावावर असलेल्या मोबाइल क्रमांकावर आणि ई-मेलवरच घ्यावेत. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवावी. येणे बाकी असेपर्यंत संबंधित मोबाइल विकू नये, त्यातील माहिती पुसू नये. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहील अशी व्यवस्था असावी. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून ती सक्तीचीच आहे. वकिलांकडे कागद देताना तारीखवार यादी जोडावी आणि मूळ कागद टाकून देऊ नयेत. आपल्याकडील सॉफ्टवेअर व मोबाइलच्या नोंदींसाठी कलम 63 चे प्रमाणपत्र कोण देणार, हे दावा लागण्यापूर्वीच वकिलांशी बोलून ठरवावे.

दिवाळीत वहीपूजन होते. नव्या वहीवर कुंकू वाहिले जाते आणि जुनी वही जपून ठेवली जाते. आता हिशेब संगणकावर असले तरी कित्येक घरांत हा प्रघात कायम आहे. त्याच दिवशी सरत्या वर्षाच्या साऱ्या संगणकीय नोंदींची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून, त्यावर तारीख घालून, एक दुकानात आणि एक घरच्या तिजोरीत ठेवावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. पुढे कधी न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आलीच, तर वकिलांच्या टॅब्लेटमध्ये काय भरावयाचे, याची चिंता त्या घराला करावी लागणार नाही.